तीन पात्यांचा

मटाराचा दाणा आईच्या चिमटीतून निसटला आणि फरशीवर घरंगळत गेला. तिला पत्ताच नाही. रिकामी चिमूट तिनं वाटीवर नेली आणि अलगद सोडली. समोर टेबलापाशी बसलेल्या लेकीनं ते पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं करून कॉम्प्युटरच्या पडद्यात डोळे खुपसले.

आजारातून आई उठली होती, पण औषध जाता जाता तिच्या बोटांची टोकं घेऊन गेलं. हातमोजे घालून जगाला हात लावल्यासारखं वाटतं, म्हणायची. वाफेचा चटका कळेना, ब्लाउजचं हूक सापडेना. आणि लेकीचं काम नेमकं स्पर्शाचंच. पेशीच्या पातळ कातडीत एक रिसेप्टर, पंख्यासारख्या तीन पात्यांचा प्रथिनाचा इवलासा कण, रुतून बसलेला असतो. कुणी हात लावला की तो उघडतो आणि खबर आत पोचवतो. तो उघडतो कसा, ते बघण्याच्या नादात लेकीचे केस पिकायला आले होते. आई त्याला ‘तुझा तो तीन पात्यांचा’ म्हणायची, आणि रुसून बसलेल्या जावयाची चौकशी करावी तशी रोज विचारायची, आज तरी उघडला का गं म्हणून.

उघडत नव्हता. त्याचं चित्र घ्यायचं तर त्याला एका झटक्यात गोठवावं लागे, मग त्याची असंख्य धूसर चित्रं एकावर एक रचून आकार उभा करावा लागे. आणि दर वेळी तो तसाच निघे: तिन्ही पाती वर वळलेली, खोल वाडग्यासारखा, मधलं दार गच्च मिटलेलं. गोठलेल्याला दाबणार कोण?

म्हणून गोठवण्याआधी तिनं ते रिसेप्टर चरबीच्या इवल्याशा फुग्यांत बसवून पाहिले. काही फुग्याच्या गोलाईला धरून नीट बसायचे, काही उलटे. उलट्यांची चित्रं चपटी, पसरट यायची. बिघडलेला माल म्हणून लेक ती बाजूला काढत आली होती, कितीतरी महिने. आज सुट्टीच्या सकाळी, दुसरं काही रचायला उरलं नाही म्हणून, तिनं ती टाकलेली चित्रं कॉम्प्युटरला रचायला दिली होती.

पडद्यावर हळूहळू चित्रानं आकार धरला. तिनं खुर्ची पुढं ओढली. मग आईला हाक मारली.

आई पदराला हात पुसत आली. पडद्यावर दोन चित्रं होती शेजारी शेजारी. एकात तेच जुनं वाडगं. दुसऱ्यात तिन्ही पाती आडवी पसरलेली, आणि मधे, जिथं आजवर नुसती गाठ दिसायची तिथं, बारीकशी वाट.

“हा तुझा नेहमीचा,” आई म्हणाली. “आणि ह्याला काय झालं?”

“त्याला हात लागलाय, आई.”

ते उलटे बसलेले बिघडलेले नव्हतेच. फुग्याची गोलाई त्यांना उलट्या बाजूनं ओढत होती, दाबत होती, आणि त्या दाबानं ते उघडले होते. लेकीनं हे भराभरा सांगितलं, सांगताना तिचा आवाज चिरकला. आई म्हणाली, म्हणजे इतके दिवस ह्यालाच केरात टाकत होतीस? बापाची लेक शोभतेस. त्यांनीही लग्नातली अंगठी अशीच केरात घालवली होती. दोघी हसल्या.

मग आईनं पडद्यावरच्या त्या वाटेवर बोट टेकवलं. जोरात टेकवलं, बोटाभोवती रंग फाकले.

“मग आता माझी बोटं?” तिनं विचारलं. लेकीकडं न बघता.

ह्या प्रश्नाचं उत्तर लेक किती दिवस घोकत होती. आईचे रिसेप्टर कदाचित शाबूत असतील, पण त्यांची खबर वर नेणाऱ्या नसाच जळल्यात. आणि आज जे दिसलं त्यातून औषध निघायचं तर निघेल, पण त्याला फार काळ लागेल. तिनं हातचं काही राखलं नाही. सगळं सांगितलं.

“माझ्या हयातीत?”

“नाही, आई. बहुतेक नाही.”

आईनं मान डोलावली. मग फरशीवर घरंगळलेला तो दाणा तिच्या नजरेस पडला. वाकून, चिमटीवर नजर रोखून तिनं तो धरला आणि वाटीत टाकला. “हे बघ,” म्हणाली, “डोळ्यांनी उचलता येतं.” जागेवर जाऊन बसली, आणि तिथूनच लेकीच्या डोक्याकडं बघत म्हणाली की, ही काय झिपरी करून ठेवलीयस, पेन्सिल खुपसून.

लेक उठली. कपाटातला कंगवा काढला. आजारानंतर एकदाच आईनं तिची वेणी घातली होती. ओढ कळत नव्हती, केस मुळापासून खेचले गेले, आणि लेकीच्या डोळ्यांत पाणी बघून तिनंच कंगवा आत ठेवून दिला होता. लेक आईपुढं जमिनीवर बसली, तिच्या गुडघ्यांना पाठ टेकली आणि पेन्सिल उपसली.

“नको गं. तुला लागेल.”

“लागलं तर सांगेन की.”

मग मानेवर बोटं आली. गार, चाचपडणारी, वीज गेल्यावर भिंत शोधावी तशी. त्यांनी केसांचे तीन पेड केले, एक सुटला, पुन्हा धरला. आणि ओढला. कानशिलापाशी कळ उठली, डोळे भरून आले. पडद्यावर तो उघडलेला, पाती पसरून, सावकाश फिरत होता.

“लागतंय का?”

“नाही,” लेक म्हणाली. “अजून जरा घट्ट घाल.”