वेव्हनीचं लिटर

"मावशी, तुमचं हे लिटर दिवसेंदिवस आटत चाललंय," खिडकीबाहेर किटली धरून उभा असलेला कथबर्ट म्हणाला. "मापात पाप बरं नव्हे."

"मग जा की दुसरीकडे. आधी गावात दुसरी दुभती गाय कुठे आहे ते बघ," वेव्हनी म्हणाली आणि तिने पत्र्याचा मग दुधात बुडवला.

मग जुना, पाइंटाचा, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडा मोठा. पाइंट बंद, यापुढे लिटरच, असा सरकारी हुकूम निघाला आणि तपासनीस खेड्यापाड्यांतून हिंडू लागले, तेव्हा वेव्हनीने नवं माप घेतलं नाही. मगावरचा 'पाइंट' खरवडला आणि लाल रंगाने '१ लिटर' लिहिलं. तपासनिसाने ते वाचलं, मान डोलावली आणि वर नारळपाणी पिऊन गेला. सगळं गाव पोट धरून हसलं. भावही तिने थोडासाच वाढवला.

आतून क्वेसी किंचाळला. सात महिन्यांचा नातू. कालपासून त्याला जुलाब होत होते. रडायचा जोरात, पण डोळ्यांतून टिपूस निघत नव्हता. दवाखान्यातल्या सिस्टरने मीठ-साखरेच्या दोन पुड्या दिल्या होत्या. एका पुडीला एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चमच्याचमच्याने पाजत राहायचं. सकाळपासून सून ऑस्लिन तेच करत होती. ती शहरातली, जॉर्जटाऊनची. नवरा सोन्याच्या खाणीवर गेला म्हणून महिन्यापूर्वी सासूकडे राहायला आली होती.

वेव्हनी मग हातात घेऊनच आत गेली. "कसा आहे?"

"पितोय, आई. अधाशासारखा पितोय. पण तहान भागतच नाही त्याची. नुसता हात लावला तरी ओरडतोय."

वेव्हनीने भांड्यातला चमचाभर घोट तोंडात घेतला आणि तिथेच थुंकला.

"अगं, समुद्र पाजतेस की काय पोराला! दोन्ही पुड्या ओतल्यास?"

"एकच." दुसरी पुडी फळीवर तशीच होती, न फोडलेली.

"मग पाणी कमी घातलंस. सिस्टरने बजावलं होतं ना, आसवांपेक्षा खारट लागता कामा नये म्हणून? चव नाही बघितलीस? शहरातल्या शाळेत वाचायला तरी शिकवतात की नाही?"

"बघितली, आई. खारट लागलं. शंकाही आली." ऑस्लिन म्हणाली. "पण माप तर बरोबर होतं."

"कशाने मोजलंस?"

ऑस्लिनने सासूच्या हाताकडे बोट केलं.

वेव्हनीने खाली पाहिलं. मगातून दूध ठिबकत होतं. लाल अक्षरं तिचीच होती. गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की ते लिटर लिटर नव्हे. या पोरीला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने अक्षरं वाचली आणि विश्वास ठेवला.

"कथबर्ट!" ती ओरडली. "सायकल काढ. सिस्टरला घेऊन ये. पोराला जवळजवळ दुप्पट खारट पाणी गेलंय म्हणावं. माझ्या मगामुळे. सगळं सांग तिला."

कथबर्टने किटली खाली ठेवली, पण तो खिडकीशीच थांबला. वेव्हनीने तो मग उकळत्या पाण्याने खंगाळला. धुतलेल्या भांड्यात उकळून गार केलेल्या पाण्याचा एक मग ओतला. नंतर खिळ्यावरचं साय मोजायचं छोटं माप काढलं. ते गिलचं, चार भरले की पाइंट होतो. तेही खंगाळून तिने पाण्यात बुडवलं आणि मोठ्याने मोजलं.

"एक गिल. दोन. तीन."

"म्हणजे लिटर म्हणजे एक मग आणि वर तीन गिल?" कथबर्टने खिडकीतून विचारलं. "तुम्हाला इतकं नेमकं ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. जा तू!"

तो धावत सुटला. तिने दुसरी पुडी फोडून पाण्यात घातली आणि ढवळत राहिली. पूड कधीच विरघळली होती, तरी हात थांबेना. गालांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

"चव बघा, आई," ऑस्लिन म्हणाली.

वेव्हनीने चमचा तोंडात घातला. थांबली. पुन्हा एक चमचा घेतला.

"मला नाही कळत, पोरी," ती म्हणाली. "डोळ्यांतलं पाणी तोंडात गेलंय. यातलं चमच्याचं कुठलं आणि माझं कुठलं, काही सांगता येत नाही."

ऑस्लिनने तिच्या हातातून चमचा घेतला.

"मग बरोबर झालंय," ती म्हणाली आणि चमचा क्वेसीच्या ओठांना लावला.