शून्यावर आलेला आकडा

“काका, खरं सांगा. कुठं हात लावलात?”

“फक्त ट्यूब बदलली, मॅडम,” वायरमन म्हणाला. हातातली जुनी ट्यूब कुठे ठेवावी, हेही त्याला सुचेना.

इस्पितळाच्या सगळ्या मजल्यांचं नेटवर्क तळमजल्यावरच्या एका यंत्रावर चालायचं. ते न थांबता किती वेळ चालू आहे, हे नेटवर्क विभागाच्या प्रमुख मॅडमच्या स्क्रीनवर दिसायचं. सकाळी तिथे चारशे सत्त्याण्णव दिवस होते. आता सहा मिनिटं. म्हणजे यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालेलं, आणि वर तर ऑपरेशन चालू. यंत्राच्या खोलीत शिरलेला माणूस एकच. हातच्या कांकणाला आरसा कशाला? परवानगीशिवाय यंत्र बंद केलं की नोकरी गेली, नियम साफ होता. मॅडमनी कागद पुढे ओढला.

“रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत माझी,” वायरमन म्हणाला. “आत्ताच कशी अवदसा आठवेल मला?”

“मग आकडा खोटं बोलतोय?”

“ते मला नाही कळत. पण बंद पडलं असतं, तर वरून एव्हाना शिव्या आल्या असत्या. एक तरी फोन वाजला का, मॅडम?”

एकही वाजला नव्हता. मॅडमनी स्वतःच वर फोन लावला. ऑपरेशन सुरळीत चाललं होतं, तिथली स्क्रीन क्षणभरही गेली नव्हती.

मग त्यांनी यंत्राची पुस्तिका काढली. शेवटच्या पानावर अगदी बारीक अक्षरात होतं. हा आकडा चारशे सत्त्याण्णव दिवसांपर्यंतच मोजतो, मग आपोआप शून्यावर येतो. यंत्र चालूच राहतं. खरे दिवस यंत्राच्या आतल्या नोंदीत पाहावेत.

“बसा काका. चुकलंच माझं,” मॅडम म्हणाल्या. वायरमनने ट्यूब भिंतीला टेकवली आणि तो खुर्चीत बसला.

केवळ खात्रीसाठी मॅडमनी यंत्राला केबल जोडली आणि आतली नोंद उघडली. चारशे सत्त्याण्णव दिसायला हवं होतं. दिसलं नऊशे चौऱ्याण्णव.

त्यांनी पुन्हा वाचलं. एवढ्या दिवसांत यंत्र एकदाही बंद पडलं नव्हतं. म्हणजे सोळा महिन्यांपूर्वी आकडा असाच शून्यावर आला होता, तेव्हाही नाही. त्या दिवशी खोलीत त्यांचा धाकटा भाऊ होता. “ताई, शपथेवर सांगतो, मी नाही,” असं तो म्हणत राहिला, आणि त्याला कामावरून काढल्याच्या कागदावर सही मॅडमनीच केली होती.