वरवरची बटणं

"टाका दिसता कामा नये. गिऱ्हाइकाला कपडा दिसू दे, तुझे कष्ट नकोत." मास्तरांचा हा आवाज शिंप्यानं चौदाव्या वर्षी ऐकला. चाळीस वर्षं झाली, बोटांतून तो गेला नाही.

आज सकाळी बायकोला कोट चढवतानाही तो बोटांतच होता. कोट त्यानंच शिवलेला. पुढं पाच चॉकलेटी बटणं, पण नुसती शोभेची, वरवर टाचलेली. आतून वेल्क्रोची पट्टी. दाबली की बसते, ओढली की सुटते. मल्टिपल स्क्लेरोसिसनं तिची बोटं बधिर केली, तेव्हापासून तिचे सगळे कपडे असेच.

"फोटो काढायचाय का माझा?" ती वैतागली. "अहो, मदत द्यायची की नाही ते बघायला येतायत त्या बाई. गाऊनमध्येच राहू द्या मला. केसही राहू द्या."

त्यानं केस विंचरले. भांगही सरळ काढला.

तपासनीस बाई अकराला आल्या. तीन वर्षांतली ही तिसरी भेट. रोज चार तास मदतनीस आणि थोडा भत्ता, एवढं मंजूर झालं तर शिंप्याला बंद दुकान उघडता येणार होतं. दोनदा नामंजूर झालं होतं. फॉर्म तोच, प्रश्नही तेच. कप धरता येतो का? तिनं धरला. तो हलका आणि अर्धाच भरलेला होता, हे बाईंना कुठून कळणार. दारापर्यंत चालता येतं का? ती भिंत धरधरून गेली आणि आली.

बसल्यावर ती म्हणाली, आज बरा दिवस आहे, काल आला असतात तर चमचा उचलता येत नव्हता. बाई म्हणाल्या, काल त्यांना दुसऱ्या घरी जायचं होतं, आणि समोर दिसेल तेवढंच लिहायचं असा नियम आहे. बऱ्या-वाईट दिवसांसाठी फॉर्मात रकाना नव्हता.

"आता कोट काढून दाखवा, ताई."

बाई पान उलटत होत्या तेवढ्यात तिनं कॉलर ओढली. चर्र झालं. बाईंनी वर पाहिलं तर कोट उघडा.

"पाचही बटणं? इतक्या पटकन माझ्या आईलासुद्धा जमत नाही," असं म्हणत त्यांनी फॉर्मवर 'जमतं'ची खूण केली.

बायकोनं शिंप्याकडं पाहिलं. तो पलंगाशेजारी आणून ठेवलेल्या शिलाई मशीनकडं पाहत होता.

कोट उतरल्यावर कोपराचा काळानिळा डाग दिसला. बाईंनी विचारलं. परवा पलंगावरून उठताना पायपुसणं सरकलं, असं तिनंच सांगून टाकलं, आणि त्या पायपुसण्याला आपण दोन दिवस शिव्या घालतोय हेही.

शेवटचा रकाना राहिला. काळजी घेणाऱ्याच्या अडचणी. मी सांगते, असं म्हणून ती पुढं झुकली, पण बाईंनी मान हलवली. इथं नवऱ्याचंच म्हणणं लागतं, त्या म्हणाल्या. मागच्या दोन्ही फॉर्मांत त्यांनी 'काही अडचण नाही' असं सांगितलंय.

"तेच लिहू का?"

शिंप्यानं खुर्चीवरच्या कोटाची बाही सरळ केली.

"लिहा," बायको म्हणाली. "आणि खाली हेही लिहा की माझा नवरा देवमाणूस आहे. देवाला कुठं मदतनीस लागतो?"

पेन कागदाला टेकलं. तसा शिंपी उठला. खुर्चीवरचा कोट त्यानं उचलला, उलटा केला आणि बाईंच्या फॉर्मवर पसरला. आतली पट्टी, कच्चे दोरे, बटणांमागच्या गाठी, सगळं वर आलं.

"ही बटणं खोटी आहेत, मॅडम. मागच्या वर्षीचीही खोटीच होती."

बाईंनी पट्टीवरून बोट फिरवलं. पेनाचं टोपण लावलं आणि त्याच्याकडं पाहत थांबल्या.

त्याला बायकोकडं बघवेना. कोटाच्या गाठींकडं बघतच तो बोलला.

"मला एकट्याला आता होत नाही. परवा पायपुसणं जागेवरच होतं. तीच माझ्या हातांतून सुटली."