दोन मिनिटं शांतता

"बाईंमुळे मी घडलो," असं म्हणून आमदारांनी पुढच्याच वाक्यात गाडी सिनेमाकडे वळवली. "बाईंचे काही विद्यार्थी मात्र हल्ली पडद्यावर आम्हा पुढाऱ्यांना चोर दाखवतात!" सभागृह हसलं. त्यांचा वर्गमित्र असलेला नट बाह्या सरसावत माइककडे निघाला.

कमलिनीबाईंच्या हार घातलेल्या फोटोशेजारी त्यांचे पती बळवंतराव बसले होते. शोकसभेत घरच्यांनी बोलायचं नसतं, हात जोडून ऐकायचं असतं. बाईंची शाळा जूनपासून बंद होणार होती. "आमदार आपलाच पोरगा आहे, त्याच्या कानावर घाला," एवढंच बाई जाताना सांगून गेल्या होत्या.

नटाने आमदारांची हुबेहूब नक्कल केली. शोकसभेत चक्क टाळ्या पडल्या! मग शिक्षणाधिकाऱ्यांनी या दोघांच्या जुन्या भांडणाचा किस्सा रंगवून सांगितला. बळवंतरावांनी शेजारी बसलेल्या आमदारांची बाही हळूच ओढली.

"काका, भाषणं होऊ द्या, मग निवांत बोलू," आमदारांनी त्यांचा हात थोपटला.

तेवढ्यात निवेदक म्हणाला, "साहेबांना लगेच निघायचंय. दोन मिनिटं उभं राहून बाईंना श्रद्धांजली वाहू आणि सभा संपवू."

सगळे उठले. सभागृह चिडीचूप झालं. आता बळवंतराव पुटपुटले असते, तरी शेवटच्या रांगेत ऐकू गेलं असतं. आमदार शेजारीच मान खाली घालून उभे होते.

बळवंतरावांनी तोंड उघडलं. पण अख्ख्या सभेत बाईंच्या वाट्याला ही एवढीच दोन मिनिटं आली होती.

त्यांनी तोंड मिटून घेतलं.