रुसणारी साल

"जांभळं ते जांभळंच," कर्णिक मॅडम परीक्षानळी उजेडात धरून म्हणाल्या. "सालीत शरीराची झीज रोखायचा दम असता, तर एव्हाना हे द्रावण पिवळं पडलं असतं. उद्या दुसरं झाड निवड."

झवादीने सालीची पुरचुंडी जवळ ओढली. टांझानियातल्या तिच्या वैदू आत्याने दिलेली ही साल घेऊनच ती पुण्याच्या या प्रयोगशाळेत आली होती. "हिला ऊन दाखवू नकोस, विस्तव दाखवू नकोस. रुसते," असं आत्याने बजावलं होतं. झवादी तेव्हा हसली होती, आणि इथे केलेल्या तिन्ही चाचण्यांसाठी तिने साल ओव्हनमध्येच खडखडीत वाळवली होती.

पुरचुंडीत एकच तुकडा उरला होता, अंधारातच वाळलेला.

"मॅडम, एकदा शेवटचं करू? हा ओव्हनमध्ये घातलेला नाही."

"त्याने काय होणार?"

"आत्या म्हणते, उष्णतेने साल रुसते."

"मला संदर्भ लागतो, झवादी. आत्या नाही." मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. "बरं, कर. पण आजच."

तिने तुकडा कुटला, अर्क काढला आणि जांभळ्या द्रावणात सोडला. आता अर्धा तास थांबायचं होतं. दहा मिनिटं झाली, रंग हलेना. वीस झाली. तिला नळीकडे बघवेना.

"झवादी," मॅडम हळूच म्हणाल्या.

नळीत हळदीसारखं पिवळंधमक पाणी होतं.

मॅडमनी तिची वही पुढे ओढली. 'संदर्भ' या शब्दापुढे जागा कोरीच होती. तिथे पेन टेकवून त्यांनी विचारलं, "आत्याचं पूर्ण नाव काय?"