कोरडं पॅड

"सभा तोंडावर आलीय आणि पॅडमध्ये थेंबभर शाई नाही?" महिला मंडळाची चिटणीस असलेल्या हिरावर अनसूयाबाई कडाडल्या. बावीस वर्षांपूर्वी विडी कामगारांच्या वस्तीत बायकांचा वर्ग त्यांनीच सुरू केला, तेव्हा नवऱ्यांनी पाट्या फोडल्या होत्या.

"आता अंगठा उठवतंय कोण, बाई?" हिरा हसली.

"गोजरा आहे ना!"

'माझी बोटं विड्या वळायची, अक्षरं नाही जमायची,' म्हणत म्हातारीने दर वर्षी वर्गाला दांडी मारली होती. बाईंनी शाईची बाटली पॅडवर उपडी केली आणि अंगठ्याने शाई दाबदाबून मुरवली.

एकेक बाई हजेरीवहीत सही करून गेली. शेवटी गोजरा आली. बाईंनी पॅड पुढे केलं. तिने ते बाजूला सारलं, पेन घेतलं आणि जीभ दातांत धरून आपलं अख्खं नाव लिहिलं.

"सुनेनं शिकवलं," ती म्हणाली. "तुमच्याच वर्गातली हाय ती. तिला नाही म्हणवंना."

बाईंनी गडबडीने डोळे पुसले, तशी सभा खो-खो हसत सुटली. त्या दिवशी अंगठा उठला तो एकच, बाईंच्या गालावर.