डबल बेल

टॅक्सीत मधली काच काळी होती. नव्या कायद्यापासून अ‍ॅप प्रवासी आणि चालक दोघांचीही नावं लपवायचं, आवाज बदलायचं. पण प्रवाशाने बसताच काचेवर दोनदा टकटक केली आणि गाडी चालवणारी उर्मिला चमकली. तीस वर्षं एसटीत कंडक्टर असलेल्या तिच्या वडिलांची, आप्पांची, ही गाडी सोडायची खूण. तिने टॅक्सी चालवायला त्यांनी नकार दिल्यापासून ती बँकेत नोकरी असल्याचं सांगून घरातून निघायची.

प्रवाशाचं घर कळू नये म्हणून चौकातच सोडायचा नियम होता, पण आप्पांच्या गुडघ्याच्या काळजीत तिने पत्ता न विचारताच गाडी थेट घराच्या फाटकाशी नेली.

आप्पांनी पाच तारे दिले.

“छान चालवतेस,” बदललेल्या आवाजात ते म्हणाले. “जेवायला वेळेवर ये.”

आणि उतरून टपावर दोनदा टकटक केली.